न लिहिलेलं भाडं

माजलगावच्या स्टँडबाहेरून सुटणाऱ्या काळी-पिवळीत, क्रूझरमध्ये नाहीतर मॅजिकमध्ये भाडं उतरताना द्यायची रीत आहे. एसटीत कंडक्टर आधी पैसे घेतो, तिकीट देतो आणि मग घंटी मारतो. जीपमध्ये प्रवास आधी, पैसे नंतर. प्रवासी आपल्या फाट्यावर उतरतो, दहाच्या दोन नोटा पुढे करतो आणि चालायला लागतो. ‘‘भाऊ, तीस होतात,’’ चालक म्हणतो. ‘‘एसटीला वीस लागतात, तुला कशाचे तीस?’’ असं उत्तर येतं. मागे दहा-बारा माणसं खोळंबलेली असतात, त्यांतला कुणीतरी ‘‘जाऊ दे ना ड्रायव्हर, चल आता’’ म्हणून कुरकुरतो. इंजिन चालू असतं, डिझेल जळत असतं आणि पुढच्या फाट्यावरच्या सीटा मागून येणारी गाडी उचलणार हे चालकाला दिसत असतं. दहा रुपयांसाठी थांबणं परवडत नाही आणि दहा रुपये सोडणंही परवडत नाही, कारण आज एकाला वीसमध्ये सोडलं की उद्या सगळ्यांचंच भाडं वीस होतं. चालकाने हट्ट धरला तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘‘मला ओळखलं नाहीस वाटतं!’’

या वाक्यापाशी भाड्याचा वाद संपतो आणि धमकी सुरू होते. अशा प्रसंगाचा दोष आपण सहसा माणसांच्या स्वभावावर टाकतो. प्रवासी मग्रूर, चालक उर्मट, बीड जिल्हा तसा तापटच, एवढ्यावर विषय मिटवतो. मला हे निदान अपुरं वाटतं. मग्रूर माणूस एसटीतही चढतो, पण तिथे तो तिकिटाच्या दरावरून कंडक्टरशी सहसा घासाघीस करत नाही, कारण तिथला दर कंडक्टरने ठरवलेला नसतो आणि हे दोघांनाही माहीत असतं. जीपमधलं भाडं मात्र कुठेही लिहिलेलं नसतं, त्याला साक्षीदार नसतो आणि ते वसूल करायची वेळ येते तेव्हा चालकाच्या हातात काहीही उरलेलं नसतं. न लिहिलेली रक्कम अखेर ज्याचं वजन जास्त तो ठरवतो. चालकाला धमकावणाऱ्या प्रवाशाचा बंदोबस्त करायचा असेल, तर पोलिसी खाक्याच्याही आधी हे भाडं कागदावर यायला हवं, आणि ते कागदावर येण्याच्या आड स्वतः शासनाने राखलेली एक सोयीची संदिग्धता उभी आहे. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

आधी हे पाहू की माजलगावसारखं गाव या गाड्यांवर इतकं अवलंबून का आहे. माजलगावला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर परळी, परभणी, मानवत रोड किंवा परतूर गाठावं लागतं. शहरातून कल्याणहून नगर, पाथर्डी, पाडळशिंगीमार्गे येऊन पाथरी, परभणी, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो, त्यामुळे मुख्य रस्त्यावरच्या गावांना वाहनांची वानवा नाही. अडचण आतल्या गावांची आहे. सिंदफणेवरच्या धरणामुळे तालुक्यात ऊस आला, उसामागे कारखाने आले, कारखान्यांमागे पैसा आणि वर्दळ आली. दवाखाना, बाजार, कॉलेज, तहसील, बँक यांसाठी आतल्या गावांतून रोज माणसं शहरात येतात. मंजरथला गोदावरी-सिंदफणा संगमावर अस्थी विसर्जनासाठी लांबून कुटुंबं येतात. दर अधिक मासात पुरुषोत्तमपुरीला महिनाभर रीघ लागते. ही सगळी माणसं एसटीच्या वेळापत्रकात बसत नाहीत. मराठवाड्यात सरकारी बस महाराष्ट्राच्या इतर भागांच्याही आधी आली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये अवघ्या २७ गाड्यांनिशी ती सुरू केली, तर पुणे-नगर मार्गावरची एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ची. पण बस आधी आली म्हणून ती शेवटच्या वाडीपर्यंत पोचली असं झालं नाही. ती पोकळी जीपने भरली. शासनालाही हे पक्कं ठाऊक आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तेव्हा शासनाने अधिसूचना काढून खासगी गाड्यांना, अगदी शाळेच्या बसनाही, प्रवासी वाहतुकीची मुभा दिली होती. म्हणजे एरवी ज्यांना अवैध म्हणून हटकायचं, त्यांनाच अडचणीच्या वेळी हाक मारायची.

आता भाडं. जीपचं भाडं हवेतून येत नाही; ते एसटीच्या तिकिटाच्या सावलीत वाढतं. एसटीने जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ केली. प्रत्येक वाढीनंतर जीपवाल्यांनाही आपलं भाडं पुढे सरकवायला निमित्त मिळालं. मात्र एसटीची वाढ जाहीर होते, वर्तमानपत्रात छापून येते, तिकिटाच्या यंत्रात भरली जाते. २०२५ च्या दिवाळीसाठी एसटीने जाहीर केलेली दहा टक्के हंगामी वाढ मराठवाड्यातल्या पूरस्थितीमुळे लगेच मागे घेतली गेली, तीही जाहीरपणे. जीपची वाढ एका सोमवारी सकाळी चालकाच्या तोंडून पहिल्या प्रवाशाला कळते, आणि त्या पहिल्या प्रवाशाशी पहिलं भांडण होतं. डिझेल रुपया-दोन रुपयांनी हळूहळू वर जातं, जीपचं भाडं मात्र सुट्ट्या पैशांच्या अडचणीमुळे पाच-दहाच्या टप्प्यानेच उडी मारतं. ती उडी प्रवाशाला लूट वाटते आणि चालकाला उशिरा मिळालेला न्याय.

त्यात सवलतींची भर पडली. ऑगस्ट २०२२ पासून एसटीत ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ या वयात अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट ५० टक्के सवलत. या योजना चांगल्या आहेत. त्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या बायका बाहेर पडल्या, म्हाताऱ्यांना लेकीकडे जाणं सोपं झालं. पण सवलतीचा फरक एसटीला शासन भरून देतं. जीपवाल्याला कुणी देत नाही. परिणाम असा, की त्याच रस्त्यावर त्याच अंतराला बाईच्या मनात एक भाडं असतं, म्हाताऱ्याच्या मनात दुसरं आणि चालकाच्या मनात तिसरं. ‘‘एसटीला मला अर्धंच लागतं’’ हे वाक्य खोटं नसतं, आणि ‘‘मग एसटीनं जायचं होतं’’ हे उत्तरही. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असताना भांडण होतं. ते मिटवायला गाडीत तिसरा कुणी नसतो.

इथे कायद्याकडे वळावं लागतं, कारण या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रवासी वाहनांचे दोन मुख्य प्रकार मानतो. टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवत-उतरवत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेणारी गाडी ती स्टेज कॅरेज. म्हणजे आपली एसटी. संपूर्ण गाडी कराराने घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी ती कॉन्ट्रॅक्ट कॅरेज. अनेकांची समजूत अशी, की जीपने सीटप्रमाणे भाडं घेतलं की तो गुन्हाच. पण चालक वगळून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या गाडीला हा कायदा मॅक्सीकॅब म्हणतो, आणि कॉन्ट्रॅक्ट कॅरेजच्या व्याख्येतच असं नमूद आहे, की प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घेतलं तरी मॅक्सीकॅब आणि मोटारकॅब या प्रकारातच मोडतात. म्हणजे परवाना असलेल्या बारा आसनी क्रूझरने सीटप्रमाणे पैसे घेणं हे मुळात कायद्याबाहेरचं नाही. कायद्याबाहेर जातं ते त्यापुढचं : बाराच्या जागी अठरा माणसं कोंबणं, वाटेत प्रत्येक फाट्यावर थांबणं, बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत गाडी लावणं, परवाना वा फिटनेस संपलेला असणं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घरगुती पांढऱ्या नंबरप्लेटवर धंदा करणं. जादा प्रवाशांसाठी कलम १९४-अ प्रमाणे माणशी २०० रुपये दंड आहे. विनापरवाना वाहतुकीला कलम १९२-अ प्रमाणे १० हजार रुपये दंड आणि शिक्षाही.

याचा अर्थ असा, की माजलगावातल्या जीपचालकाचा एक पाय कायद्यात आणि एक बाहेर आहे. त्याचा धंदा सर्वांना दिसतो, सर्वांना हवा असतो, तो पूर्णपणे थांबवायला कुणी जात नाही आणि पूर्णपणे मान्यही करत नाही. या अर्धवट अवस्थेची किंमत चालक धमकीच्या क्षणी मोजतो. समजा, त्याला फाट्यावर चौघांनी भाड्यावरून मारलं. तो पोलीस ठाण्यात गेला तर पहिला प्रश्न ‘गाडीत किती माणसं होती?’ असा येणार हे त्याला माहीत आहे. दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. फिर्यादी म्हणून गेलेला माणूस स्वतःच दंडाच्या पावतीसह परत येण्याची शक्यता त्याला खरी वाटते, मग ती प्रत्यक्षात तशी असो वा नसो. धमकी देणाऱ्यालाही हे माहीत असतं. ‘‘जा की पोलिसात, बघू तुझी गाडी कोण सोडतंय’’ या वाक्यात इतका आत्मविश्वास असतो तो यामुळेच. चालकाच्या धंद्यातलं अवैध तेवढं प्रवाशाच्या हातात हत्यार म्हणून जातं.

आता एसटीच्या चालक-वाहकाशी तुलना करून पाहू. रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम ४३ प्रमाणे महामंडळाचे कर्मचारी लोकसेवक मानले जातात. त्यामुळे कंडक्टरला कामावर असताना मारहाण झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या दंडसंहितेचं कलम ३५३ होतं. तोच प्रवासी त्याच फाट्यावर जीपचालकाच्या थोबाडीत मारतो तेव्हा प्रकरण साध्या दुखापतीचं आणि शिवीगाळीचं होतं, म्हणजे बहुतेक वेळा अदखलपात्र. अशा नोंदीवर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. चालकाच्या हाती एनसीची, म्हणजे या अदखलपात्र नोंदीची, प्रत पडते आणि न्यायालयात जाण्याचा सल्ला मिळतो. भाडं बुडवण्याचं तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम १७८ विनातिकीट प्रवासाला ५०० रुपयांपर्यंत दंड सांगतं, पण तो स्टेज कॅरेजमधल्या प्रवाशाला. कॉन्ट्रॅक्ट कॅरेजबाबत हेच कलम बोलतं ते चालकाला उद्देशून : त्याने नियमाविरुद्ध प्रवासी नाकारला तर जीपसारख्या गाडीसाठी त्यालाही ५०० रुपयांपर्यंत दंड. भाडं न देता उतरून जाणाऱ्या प्रवाशाबद्दल तिथे अक्षर नाही. इंग्लंडमध्ये १९७८ च्या चोरीविषयक कायद्यात सेवा घेऊन पैसे न देता निघून जाणं हा स्वतंत्र गुन्हा केला आहे आणि टॅक्सीचं भाडं बुडवणं त्यात बसतं. आपल्याकडे फसवणुकीचं कलम लावायचं तर प्रवाशाच्या मनात गाडीत बसतानाच पैसे न देण्याचा हेतू होता, हे सिद्ध करावं लागतं. तीस रुपयांसाठी ते कोण सिद्ध करणार?

सीटच्या भाड्यापेक्षा मोठं आणि जास्त धोक्याचं भांडण ‘स्पेशल’ भाड्याचं असतं. रात्री अकराला फोन येतो. म्हाताऱ्याच्या छातीत दुखतंय, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यायचंय, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत. अशा वेळी भाडं ठरवणं चालकालाही अवघड वाटतं आणि घरच्यांनाही. ‘‘डिझेल टाकू, वरचं बघून घेऊ’’ एवढ्यावर गाडी निघते. पुढे दवाखान्यात चार तास वेटिंग होतं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यावं लागतं, पाडळशिंगीच्या टोलनाक्यावर चालकाच्या फास्टॅगमधून पैसे कापले जातात, येताना औषधांसाठी फेरा पडतो. पहाटे गाडी दारात येते तेव्हा ‘वरचं’ म्हणजे किती यावर दोन्ही बाजूंचा हिशेब जुळत नाही. दार प्रवाशाचं, भाऊबंद प्रवाशाचे, गल्ली प्रवाशाची. त्या अंगणात चालक एकटा असतो. इथे कुणी गुंड असण्याची गरजच नाही. रात्रभर जागलेली, खर्चाने पिचलेली, बरी माणसंही तिथे आवाज चढवतात, आणि चालकही रात्रभर गाडी चालवलेला असतो.

शहरातल्या टॅक्सीवरच्या अभ्यासांत या प्रश्नाला अनोळखी माणसाचा प्रश्न मानलं जातं. दिएगो गाम्बेटा आणि हेदर हॅमिल यांनी बेलफास्ट आणि न्यूयॉर्कमधल्या टॅक्सीचालकांचा अभ्यास करून २००५ मध्ये पुस्तक लिहिलं. हात करणारा माणूस विश्वासाचा आहे की नाही हे चालक कपडे, पत्ता, वेळ, सोबत या खुणांवरून कसं ताडतात, आणि संशय आला तर कसे नाकारतात, हा त्यांचा विषय. माजलगावात हे गणित उलटं आहे. इथे चालक प्रवाशाला बहुधा ओळखतो. कोणत्या गावचा, कुणाचा पोरगा, कुणाच्या गाडीत फिरतो, हे सगळं. धोका त्या ओळखीत आहे. अनोळखी माणसाला नाकारता येतं, ओळखीच्याला नाही. बेलफास्टमध्येही कॅथलिक-प्रोटेस्टंट वस्त्यांच्या सीमा चालकाला पाठ असत. आपल्याकडे आडनावांच्या सीमा आहेत. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावच्या आमदारांचं घर आणि नगर परिषदेची इमारत पेटवली गेली, बीडच्या आगारातल्या बसगाड्या फोडल्या गेल्या. त्यानंतर जिल्ह्यात जातीवरून जे ताणलं गेलं, त्यात गाडीच्या काचेवरचं नाव आणि चालकाचं आडनाव हेही वाचलं जाऊ लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि प्रशासनाने त्यांची छाननी केली. अशा वातावरणात ‘‘मला ओळखलं नाहीस वाटतं’’ हे वाक्य तीस रुपयांपुरतं राहत नाही. एसटीची फुटलेली काच महामंडळ बदलतं. जीपची फुटलेली काच हप्ता भरणाऱ्या मालकाच्या खिशातून बदलते, आणि विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर तिकडूनही काही येत नाही.

याला पहिला आक्षेप असा, की चालक काही साधुसंत नाहीत. तेच माणसं कोंबतात, बायकांशी उद्धट बोलतात, सणाला भाडं दुप्पट करतात, शेवटची गाडी गेली की अडलेल्याला नाडतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. गेल्या दशकभरातलं वाहतूक सुरक्षेचं सगळं धोरण प्रवाशाला चालकापासून वाचवण्याभोवती फिरलं; २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं, ते दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर आलेल्या भीतीतून, आणि ती भीती रास्त होती. पण चालकाच्या मनमानीची आणि प्रवाशाच्या दमदाटीची जननी एकच आहे. भाडं लिहिलेलं नसतं म्हणून चालक एकट्या बाईकडून दुप्पट मागू शकतो आणि त्याच कारणाने चौघांचं टोळकं त्याला निम्मं देऊन जाऊ शकतं. न लिहिलेला दर नेहमी त्या क्षणी बलवान असलेल्याच्या बाजूने झुकतो; कधी तो चालक असतो, कधी प्रवासी. दरफलक लागला तर संरक्षण दोघांनाही मिळतं.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे : जीपला मान्यता देण्यापेक्षा एसटी सक्षम करा, हा प्रश्नच उरणार नाही. एसटी सक्षम व्हायलाच हवी, यात दुमत नाही. महिला सवलतीनंतर बसगाड्या कशा भरल्या ते पाहिलं की लोकांची पसंती कुणाला आहे हे कळतं. पण एसटीचा ताफा वाढेल, प्रत्येक वाडीला फेरी मिळेल, त्या दिवसाची वाट पाहत आजच्या चालकाला आणि प्रवाशाला अंधारात ठेवणं हे धोरण होऊ शकत नाही. आणि एसटी कितीही वाढली तरी रात्री अकराचा छातीत दुखणारा म्हातारा तिच्या वेळापत्रकात येणार नाही. मुंबईसारख्या ठिकाणी लोकल आहे, बेस्ट आहे, मेट्रो आहे. तरीही तिथे शेअर टॅक्सीचे मार्ग ठरवून देऊन प्रत्येक सीटचं भाडं परिवहन प्राधिकरण मंजूर करतं. मोटार वाहन कायदा तोच आहे, त्याच्या कलम ६७ खालचा भाड्याबाबतचा राज्याचा अधिकार तोच आहे. बीड जिल्ह्यातही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली हे काम करता येतं.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : फलक लावून गुंड सुधारतो का? सुधारत नाही. ज्याला भाडं द्यायचंच नाही तो फलकाखाली उभा राहूनही देणार नाही. पण रोजच्या वादांत खरे गुंड मोजके असतात. उरलेल्यांना आपण लुटले जातोय असं मनापासून वाटत असतं. फलक या दोघांना वेगळं करतो. दर लिहिलेला असताना जो देत नाही, त्याला ‘‘मला वाटलं वीसच होतात’’ ही पळवाट उरत नाही, आणि गाडीतले बाकीचे प्रवासी ‘‘जाऊ दे ना’’ म्हणण्याऐवजी चालकाच्या बाजूने बोलण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत टॅक्सीचालकांच्या खुनाचं प्रमाण इतर कामगारांच्या साठपट असल्याचं तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने २००० मध्ये सांगितलं होतं. पुढे शहरांची तुलना केली तेव्हा आढळलं, की गाडीत कॅमेरे बसवलेल्या शहरांत खुनांचं प्रमाण ठळकपणे घटलं, तर चालकामागे बसवलेल्या जाळीचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे अडसर घालण्यापेक्षा नोंद राहणं जास्त उपयोगी ठरलं. फलक, पावती, कॅमेरा या तिन्ही नोंदीच आहेत. फरक फक्त खर्चाचा, आणि त्यांत फलक सगळ्यांत स्वस्त.

चौथा आक्षेप गरिबाच्या बाजूचा आहे. आज हातावर पोट असलेला माणूस ‘‘आज एवढेच आहेत’’ म्हणतो आणि चालक त्याला नेतो. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाकडून उचल मिळाल्यावर घेतो. दर पक्का झाला की ही माणुसकी संपेल. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून दर हा कमाल दर असायला हवा. त्यापेक्षा कमी घ्यायला चालक मोकळा राहील. जास्त मागायला नाही. याचा नमुना राज्याकडे आहेच. एप्रिल २०१८ मध्ये शासनाने खासगी प्रवासी बसचं भाडं एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीहून जास्त असू नये, असा निर्णय घेतला होता. पुण्या-मुंबईच्या खासगी बसना जो मापदंड लागतो, तोच माजलगाव ते एखाद्या वाडीच्या मार्गावर मॅक्सीकॅबला लावायला अडचण काय? एसटीचं भाडं वाढलं की कमाल दर आपोआप वाढेल आणि सोमवारी सकाळी पहिल्या प्रवाशाशी होणारं ते भांडण टळेल.

मग करायचं काय, ते सरळ आहे. परवाना असलेल्या गाड्यांसाठी स्टँडपासून नियमातल्या अंतरावर अधिकृत थांबा. तिथे आणि प्रत्येक गाडीत मार्गनिहाय कमाल दराचा फलक. थांब्यावर नंबर लावणाऱ्या माणसाने सीट भरतानाच पैसे घेऊन चिठ्ठी देण्याची रीत, म्हणजे फाट्यावर वसुलीची वेळच येणार नाही. स्पेशल भाड्यासाठी चार ओळींचा छापील कागद : किलोमीटरचा दर, तासाचं वेटिंग, टोल कुणाचा, रात्रीचा हॉल्ट किती. कागद नको असेल तर गाडी निघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढाच मजकूर. कोर्टात नाही तरी अंगणात तो पुरेसा बोलतो. पोलिसांच्या बाजूने एकच अपेक्षा, की मारहाणीची फिर्याद आणि गाडीच्या कागदपत्रांची तपासणी या दोन गोष्टी एकाच टेबलावर एकाच वेळी होऊ नयेत. जादा प्रवाशांचा दंड रस्त्यावर जरूर करावा. फिर्यादीच्या रात्री नको. आणि कलम १७८ मधली उणीव भरून भाडं बुडवण्याला कॉन्ट्रॅक्ट कॅरेजमध्येही दंड हवा. मोटार वाहनं हा समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळे राज्याला दिल्लीच्या मंजुरीने ही दुरुस्ती करता येते. राज्यात आनंद दिघे यांच्या नावाने रिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळ झालं; माजलगावच्या जीपला मीटर नाही, म्हणून तिचा चालक कल्याणाच्या कक्षेबाहेर राहू नये, एवढीही दुरुस्ती सोबत व्हावी.

चालकांनाही यात काही सोडावं लागेल. बाराच्या गाडीत बाराच माणसं बसवायची तर दर खेपेचं उत्पन्न घटणार, आणि कमाल दर आला की दिवाळीतली आणि लग्नसराईतली चढी कमाई जाणार. पण हीच देवाणघेवाण त्यांच्या फायद्याची आहे, हे त्यांच्या संघटनांनी समजून घ्यायला हवं. अवैध असण्यातून मिळणारे जादा चार-सहा प्रवासी आणि अवैध असल्यामुळे पोलीस ठाण्याची पायरी चढता न येणं, या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. पहिली ठेवून दुसरी टाकता येणार नाही.

हे सगळं एकदम जिल्हाभर करायची गरज नाही. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे आणि त्या महिन्यात पुरुषोत्तमपुरीला महाराष्ट्रभरातून लोक येणार, हे पंचांगाने आधीच सांगून ठेवलं आहे. पाणी, वैद्यकीय पथक, बंदोबस्त यांचं नियोजन प्रशासन करेलच. त्यात माजलगाव ते पुरुषोत्तमपुरी या एका मार्गाचा सीटचा कमाल दर, परवानाधारक गाड्यांची यादी आणि थांब्यावर आगाऊ चिठ्ठी एवढ्या तीन गोष्टी घालाव्यात आणि महिनाभरात भाड्यावरून किती तक्रारी आल्या ते मोजावं. वाद घटले तर पुढच्या मार्गांना तेच लावता येईल. घटले नाहीत, तर दोष दराच्या न लिहिण्यात नसून माणसांतच आहे, असं म्हणायला निदान काही आधार मिळेल. आज तसं म्हणणाऱ्यांकडे तो नाही, कारण माजलगावात लिहिलेलं भाडं हा प्रयोग अजून कुणी नीट करून पाहिलेलाच नाही.